९ नॉटचं जहाज १२.५ नॉटने : व्हिक्टोरिया ड्रमंड यांची इंजिनरूम

कुतूहल (धागाकर्ता)

स्कॉटलंडमधल्या पर्थशरच्या मेगिंच किल्ल्यात १४ ऑक्टोबर १८९४ रोजी जन्मलेल्या व्हिक्टोरिया ड्रमंड यांच्याविषयी कुठेही वाचा, तीन गोष्टी हमखास येतात. राणी व्हिक्टोरिया त्यांची धर्ममाता होती, त्या ब्रिटनमधल्या पहिल्या महिला मरीन इंजिनियर होत्या, आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांना शौर्यपदक मिळालं. तिन्ही खरं आहे. पण इंजिनियर म्हणून त्यांनी नेमकं काय केलं, याबद्दल दोन ओळींच्या पुढे कुणी जात नाही.

प्रसंग थोडक्यात असा. २५ ऑगस्ट १९४०. 'बोनिटा' हे पनामाच्या झेंड्याखालचं मालवाहू जहाज अटलांटिकमध्ये, जमिनीपासून सुमारे ४०० मैलांवर. जर्मन बॉम्बफेकी विमानाचा हल्ला झाला. ड्रमंडबाई जहाजावर सेकंड इंजिनियर, म्हणजे चीफच्या खालोखाल. घंटा वाजताच त्या खाली उतरल्या आणि ताबा घेतला. पहिल्याच धक्क्याने त्या लिव्हरवर आपटल्या. वेग वाढवण्यासाठी करण्यासारखं सगळं झाल्यावर त्यांनी इंजिनरूम आणि बॉयलररूममधल्या सगळ्यांना वर पाठवलं आणि स्वतः थ्रॉटलपाशी (इंजिनात जाणारी वाफ कमी-जास्त करणाऱ्या व्हॉल्व्हपाशी) एकट्या राहिल्या. डोक्यावरच्या मुख्य पाईपचा जोड सुटून कढत वाफ बाहेर येऊ लागली. विमानाचा आवाज जवळ आला की त्या वाफ कमी करत, बॉम्ब पडून गेले की पुन्हा वाढवत. एरवी ९ नॉटच्या (ताशी ९ सागरी मैलांच्या) वर न जाणारं जहाज त्या दिवशी १२.५ नॉटपर्यंत गेलं.

९ वरून १२.५ खरंच शक्य आहे का? असेल तर बाईंनी कोणते व्हॉल्व्ह कोणत्या क्रमाने फिरवले असतील? आणि हे त्या शिकल्या कुठे? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

आलेख

आधी गणित मांडतो, मग बाकीच्यांनी त्यावर तुटून पडावं. पाणी कापत जाणाऱ्या जहाजाला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १२.५ भागिले ९ म्हणजे १.३९. त्याचा घन २.६८. म्हणजे वेग ३९ टक्क्यांनी वाढवायला शक्ती पावणेतीन पट हवी. आणि हे कमीत कमी. मालवाहू जहाजाचा नाकाडा बोथट असतो. असं जहाज आपल्या मर्यादेजवळ पोचलं की स्वतःच्याच लाटेवर चढायला लागतं आणि घाताचा आकडा तीनच्याही वर जातो.

पावणेतीन पट शक्ती एका माणसाने अर्ध्या तासात काढली यावर मला सहज विश्वास बसत नाही.

स्टीमट्रॅप

आलेख, गणित बरोबर, पण तुम्ही ९ नॉटला इंजिन पूर्ण ताकदीवर होतं असं गृहीत धरलंत. मालवाहू जहाज रोज पूर्ण ताकदीवर चालवत नाहीत. इंधनाचा खर्चही त्याच घनाने वाढतो, म्हणून मालकाला परवडेल त्या वेगाने चालवतात. "९ च्या वर गेलं नाही" याचा अर्थ "जाऊच शकत नाही" असा होत नाही.

मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाबद्दल. त्या वेळच्या मेटने (कप्तानाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने) लिहून ठेवलं आहे की बाई थ्रॉटलपाशी उभ्या होत्या आणि कपाळावरून भट्टीच्या तेलाचा काळा ओघळ येऊन एक डोळा मिटला होता. सगळे हा तपशील धैर्याचं चित्र म्हणून सांगतात. इंजिनरूमच्या माणसाला त्यात वेगळीच गोष्ट दिसते : जहाज तेलावर होतं, कोळशावर नव्हतं. म्हणूनच सगळ्यांना वर पाठवणं जमलं. कोळशाच्या भट्टीत दर काही मिनिटांनी फावड्याने कोळसा टाकावा लागतो, आग सारखी करावी लागते, राख ओढावी लागते. आगवाले वर गेले की पाच-दहा मिनिटांत वाफ पडायला लागते. तेलाचे बर्नर मात्र एकदा लावून दिले की जळत राहतात. त्यामुळे लोकांना बाहेर काढायच्या आधी सगळं नीट लावून ठेवणं हेच खरं काम होतं. नंतरचा अर्धा तास एका माणसाने सांभाळता येतो.

नीलाक्षी

वाह! हा मुद्दा कुठेच वाचला नव्हता. वाखूसा (वाचनखूण साठवली).

स्टीमट्रॅप, "सगळं नीट लावून ठेवणं" म्हणजे काय, पायऱ्या सांगाल का?

स्टीमट्रॅप

सांगतो. कोणत्याही तेलावरच्या वाफेच्या जहाजाला हे लागू आहे.

पहिलं पाणी. वाफ जास्त ओढायची तर बॉयलरमध्ये पाणी तितकंच जायला हवं. दुसरा फीड पंप (बॉयलरला पाणी पुरवणारा) चालू करायचा, त्या पाण्याचा फीड चेक व्हॉल्व्ह उघडायचा, पण काचनळीतली पातळी मध्याच्या थोडी खाली ठेवायची. कारण थ्रॉटल एकदम उघडला की बॉयलरमधला दाब घसरतो, पाण्यात सगळीकडे बुडबुडे उठतात आणि पाणी फुगतं. काचेत पातळी वर गेलेली दिसते, पण ती खोटी असते. आधीच पाणी जास्त असेल तर ते वाफेबरोबर इंजिनात जातं. वाफ दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरचं झाकण फुटतं, किंवा टर्बाइन असेल तर पाती जातात.

मग हवा. भट्टीत हवा ढकलणारा ड्राफ्टचा पंखा वाढवायचा. तेल आधी वाढवलं आणि हवा मागून आली तर धुराडं काळं ओकतं आणि विमानाला मैलोन्‌मैल दिसतं. तेलाचं तापमानही बघावं लागतं. भट्टीचं तेल थंड असताना काकवीसारखं असतं. बर्नरपाशी ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असलं तरच बारीक फवारा होतो. नाहीतर टोकावर काजळी धरते आणि ज्योत एका बाजूला झुकते.

यानंतर बर्नर. इथे नवशिका चुकतो. त्याला वाटतं तेलाचा दाब वाढवला की झालं. भोकातून जाणारं तेल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. आलेख म्हणतात तसं २.६८ पट तेल हवं असेल तर दाब सात पटीहून जास्त करावा लागेल, आणि ते कोणताही पंप देणार नाही. म्हणून विझवून ठेवलेले बर्नर पेटवायचे आणि टोकं मोठ्या भोकाची बसवायची. टोक बदलायला बर्नर बंद करून, बाहेर काढून, पक्कडीत धरून खोलावा लागतो. चेहऱ्यावर तेल येण्याची ही एक स्वाभाविक जागा आहे.

एवढं झाल्यावर थ्रॉटल. हळूहळू.

खारवारा

बाई शिकल्या कुठे, यावर थोडं. एरल गावातल्या मॉर्टन यांच्या यंत्रशाळेत त्या लहानपणी जात. पण खरी सुरुवात १९१६ मध्ये, पर्थच्या नॉर्दर्न गॅरेजमध्ये उमेदवार म्हणून. संध्याकाळी गणित आणि यंत्रशास्त्राची शिकवणी. १९१८ मध्ये डंडीच्या कॅलेडन जहाजबांधणी कंपनीच्या लिलीबँक कारखान्यात गेल्या. तिथे पुरुषांच्या गर्दीत त्या एकट्याच बाई. उमेदवारी संपल्यावर तिथेच काम केलं, ड्रॉइंग ऑफिसमध्येही. १९२२ मध्ये मंदीत नोकरी गेली.

म्हणजे समुद्रावर पाऊल ठेवण्याआधी हातोडी, छिन्नी, कानस यांच्याशी सहा वर्षं. आजच्या केडेटला वर्कशॉप किती मिळतं याच्याशी ताडून बघा.

फिटरदादा

खारवारा यांनी योग्य ठिकाणी बोट ठेवलं. इंजिनाच्या कारखान्यात उमेदवाराला काय शिकवत ते सांगितलं की बोनिटाचा प्रसंग वेगळाच दिसेल.

बेअरिंग बसवणं घ्या. पांढऱ्या धातूचं अस्तर ओतलेली दोन अर्धी कवचं असतात. शाफ्टला निळी अगदी पातळ चोळायची, कवच ठेवून थोडं फिरवायचं, उचलायचं. जिथे निळी लागली तिथे उंचवटा. तो स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा निळी, पुन्हा खरवड. पृष्ठभागावर सारखे, जवळजवळचे ठिपके येईपर्यंत. मग फट मोजायची : शाफ्टवर शिशाची तार आडवी ठेवायची, वरचं कवच खुणेपर्यंत आवळायचं, खोलून चपटी झालेली तार मायक्रोमीटरने मोजायची. जुना अंगठ्याचा नियम म्हणजे दर इंच व्यासाला एक हजारांश इंच. १२ इंची शाफ्टला १२ हजारांश, म्हणजे ०.३ मिलिमीटर. कमी पडली तर कवचांमधली शिम (पातळ पत्री) वाढवायची, जास्त असेल तर काढायची.

फट कमी असेल तर तेलाला जागा राहत नाही, बेअरिंग तापतं, पांढरा धातू वितळून वाहतो. जास्त असेल तर ठोके बसतात आणि धातूला तडे जातात. हे हाताने शंभरदा केलेल्या माणसाला इंजिनाचा आवाज बदलला की कोणतं बेअरिंग ओरडतंय ते कळतं. पावणेतीन पट शक्ती काढताना हाच कान कामाला येतो.

आलेख

फिटरदादा, अवांतर प्रश्न. बेअरिंग तापलं तर इंजिन थांबवायचं ना?

फिटरदादा

नाही! ही फार जुनी आणि फार महाग चूक आहे. एकदम थांबवलं तर वितळलेला धातू शाफ्टला चिकटतो आणि इंजिन पुन्हा फिरत नाही. वेग कमी करायचा, तेल भरपूर सोडायचं आणि हळूहळू फिरतं ठेवून निववायचं. तापलेल्या शाफ्टवर गार पाणी ओतलं तर तो आक्रसून तडकण्याची भीती. उघड्या वाफेच्या इंजिनात तेलवाले फिरत्या क्रँकपिनला दर फेरीला तळहात लावून ताप बघत. चुकीच्या क्षणी हात गेला तर हात गेलाच.

नीलाक्षी

पुढचा टप्पा मी जोडते. १९२२ मध्ये ब्लू फनेल लाइनच्या 'अँकायसीज'वर त्या दहाव्या इंजिनियर म्हणून लागल्या. दहावा हा आकडा वाचून हसू येतं, पण दोन स्क्रूचं (जहाज ढकलणाऱ्या पंख्यांचं) सुमारे १०,००० टनी प्रवासी जहाज, प्रत्येक पाळीला अनेक इंजिनियर, त्यामुळे क्रमांक तिथवर जायचा. ऑस्ट्रेलियाच्या फेऱ्या आणि एक चीनची फेरी करून १९२४ मध्ये उतरल्या. १९२६ मध्ये सेकंड इंजिनियरची परीक्षा पास. १९२७ मध्ये ब्रिटिश इंडिया कंपनीच्या 'मुलबेरा'वर पाचव्या इंजिनियर.

दहाव्या इंजिनियरच्या वाट्याला काय काम येई?

स्टीमट्रॅप

सगळ्यात खालच्याला पंप, बिल्ज (जहाजाच्या तळाशी साचणारं पाणी), व्हॉल्व्ह ग्राइंड करणं, पॅकिंग बदलणं आणि पाणी तपासणं. यातलं पाणी तपासणं हे कंटाळवाणं वाटतं, पण जहाज त्यावर चालतं. बॉयलरच्या पाण्याची खारटी तेव्हा बत्तिसांशात मोजत. समुद्राच्या पाण्यात वजनाने साधारण ३२ भागांत एक भाग क्षार, म्हणून समुद्राचं पाणी म्हणजे 'एक'. कंडेन्सरची (वापरलेली वाफ समुद्राच्या पाण्याने गार करून तिचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राची) एक जरी नळी गळू लागली तर समुद्राचं पाणी फीडमध्ये मिसळतं, बॉयलरमध्ये क्षार साचतात, भट्टीच्या छतावर थर बसतो. थरामुळे उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, लोखंड लाल होतं आणि दाबाने खाली फुगतं. शेवट बॉयलर फुटण्यात होतो. दर पाळीला सॅलिनोमीटर बुडवून आकडा लिहिणारा हात सगळ्यात ज्युनियर इंजिनियरचा असतो.

खारवारा

मुलबेरा इथल्या वाचकांच्या जवळची आहे. ब्रिटिश इंडिया ही आपल्या बंदरांना ओळखीची कंपनी. माझगाव डॉक ही मुंबईची गोदी १९६० मध्ये सरकारने घेईपर्यंत पी अँड ओ (दुसरी ब्रिटिश जहाज कंपनी) आणि ब्रिटिश इंडिया यांच्याच मालकीची होती. लंडन ते पूर्व आफ्रिका सुएझमार्गे हा मुलबेराचा रस्ता. अशा जहाजांवर खाली काम करणारे हिंदी खलाशी असत. सारंग, टंडेल, आगवाला, तेलवाला, पाणीवाला, कासब हे शब्द तिथलेच. कासब म्हणजे भांडारपाल. पी अँड ओच्या जहाजांवर डेकवर रत्नागिरीकडची बरीच माणसं असत, इंजिनखात्यात वेगळ्या भागातली. इंग्रज इंजिनियरला हुकूम द्यायला हीच मिश्र हिंदुस्तानी यायला लागायची. "आग जास्ती करो", "पानी बंद".

मुलबेरामध्ये गिअर लावलेले टर्बाइन होते. त्या वर्षांत दुहेरी गिअरचे टर्बाइन बऱ्याच कंपन्यांना त्रास देत होते. वेगाने फिरणाऱ्या टर्बाइनपासून सावकाश फिरणाऱ्या स्क्रूपर्यंत दोन टप्प्यांत वेग उतरवायचा, तर दात कापण्यात केसाएवढी चूक झाली तरी दात झिजतात, तुटतात. फिटरदादांची निळी इथेही लागते. दातांच्या संपर्काचा पट्टा निळीनेच बघत.

नीलाक्षी

आता परीक्षेचा मुद्दा, ज्याने त्यांची अर्धी कारकीर्द खाल्ली. चीफ इंजिनियरच्या परीक्षेला त्या १९२९ पासून बसत राहिल्या आणि बोर्ड ऑफ ट्रेडने (परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्याने) त्यांना तीसहून अधिक वेळा नापास केलं. कारण त्या बाई होत्या, हे त्यांचं ठाम मत होतं. नापास होण्याची ही संख्या बघता मलाही दुसरं कारण पटत नाही. कॅलेडनमध्ये तावून निघालेला, सेकंडची परीक्षा पास झालेला इंजिनियर तीसदा तोंडी परीक्षेत अडखळतो?

याचा परिणाम काय, तो कायद्यात बघा. १८९४ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टनुसार परदेशी जाणाऱ्या, १०० नॉमिनल हॉर्सपॉवर आणि त्यावरच्या ब्रिटिश वाफेच्या जहाजावर किमान दोन प्रमाणपत्रधारी इंजिनियर हवेत, आणि त्यातला पहिला, म्हणजे चीफ, प्रथम वर्गाचाच. ते प्रमाणपत्र नाही म्हणजे ब्रिटिश झेंड्याखालच्या मोठ्या जहाजाची चीफची खुर्ची कायमची बंद. म्हणूनच त्यांच्या नावाशी परदेशी झेंडे जोडलेले दिसतात. पुढे त्यांनी पनामाचं चीफचं प्रमाणपत्र मिळवलं. बोनिटावर पनामाचा झेंडा का, याचं उत्तर इथे आहे.

कुतूहल

नीलाक्षी, +१. मी ही संख्या वाचून पुढे गेलो होतो. कायदा जोडला की चित्र स्पष्ट होतं.

पण मूळ प्रश्नातला एक धागा सुटतोय. विमान जवळ आलं की वाफ कमी का करायची? तेव्हाच तर पळायला हवं!

आलेख

हे मी करून बघितलं. बॉम्ब ३०० मीटरवरून टाकला असं धरलं तर खाली यायला साधारण ८ सेकंद लागतात. १२.५ नॉट म्हणजे सेकंदाला ६.४ मीटर, ९ नॉट म्हणजे ४.६ मीटर. आठ सेकंदांत फरक पडला सुमारे १४ मीटरचा. शंभर मीटरहून लांब जहाजाला नुसत्या सरळ पळण्याने फारसा फायदा नाही.

पण सुकाणू! सुकाणूवर येणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. १.३९ चा वर्ग १.९३. म्हणजे त्याच कोनाला सुकाणूचा जोर जवळजवळ दुप्पट. वरती कप्तान बॉम्ब चुकवायला जहाज वळवत असताना खालून मिळालेला वेग हा खरं तर वळण्याची ताकद होता. मी आधी शंका घेतली होती, आता मला वाटतं हाच त्या १२.५ चा खरा उपयोग.

फिटरदादा

आलेख, झकास. आणि वाफ कमी करण्याचं कारण माझ्या मते जोड. धक्का बसायच्या क्षणी पाईपमध्ये दाब कमी असेल तर फ्लॅन्ज (पाईपच्या तोंडाची बोल्टने जोडलेली रुंद कडी) सुटण्याची शक्यता कमी.

स्टीमट्रॅप

फिटरदादा, इथे मी असहमत आहे. जोड थ्रॉटलच्या आधीच्या पाईपवर असेल तर थ्रॉटल बंद केल्याने तिथला दाब कमी होत नाही. उलट बॉयलरचा पूर्ण दाब तिथे उभा राहतो, आणि बर्नर तसेच जळत असल्याने थोडा वाढतोच. थ्रॉटलनंतरच्या पाईपमध्ये मात्र तुम्ही म्हणता तसं होईल.

माझ्या मते दुसरं कारण मोठं. जवळ बॉम्ब फुटला की पाणी उसळतं, जहाजाचा मागचा भाग उचलला जातो, स्क्रू अर्धा हवेत येतो. भार गेला की इंजिन पूर्ण वाफेवर एका क्षणात बेफाम फिरतं. शाफ्ट, कपलिंगचे बोल्ट, क्रँकपिन, सगळ्यावर एकदम ताण. वादळात स्क्रू बाहेर येणार हे कळलं की इंजिनियर थ्रॉटलवर हात ठेवून अगदी हेच करतो. बाईंनी समुद्रावरची नेहमीची सवय लाटेऐवजी बॉम्बला लावली.

फिटरदादा

बेफाम फिरण्याचा मुद्दा मान्य, पण जोड सोडू नका. पाईपवर दाब एकटाच नसतो. वाफेचा प्रवाह वळणांवर पाईपला ढकलतो, इंजिनाचा थरथराट पाईपमधून येतो, वर गरम पाईप लांबलेला असतो. बोल्ट आधीच ताणात. त्यावर स्फोटाचा धक्का आला की बोल्ट एखाद्या केसाएवढा लांबतो आणि पॅकिंग तिथून फुटतं. प्रवाह आणि थरथराट कमी केला की धक्क्याच्या क्षणी बोल्टवरचा एकूण भार उतरतो, पाईप थ्रॉटलच्या अलीकडचा असो वा पलीकडचा. म्हणजे दोघांचंही बरोबर धरता येईल.

स्टीमट्रॅप

हो, असं मांडलंत तर सहमत. आणि यात बॉयलरचाही हातभार. त्या काळच्या दंडगोल स्कॉच बॉयलरमध्ये पाण्याचा साठा प्रचंड असतो. म्हणूनच थंड बॉयलरला वाफेवर आणायला एक पूर्ण दिवस देतात. घाईत तापवला तर वरचा भाग गरम, खालचा थंड, आणि रिव्हेट गळायला लागतात. पण चालू असताना तोच साठा उपयोगी पडतो. थ्रॉटल अर्धा मिनिट आवळला तर वाढलेली उष्णता पाणी पोटात घेतं, सेफ्टी व्हॉल्व्ह लगेच उडत नाही. मग थ्रॉटल उघडला की साठवलेली उष्णता जास्तीची वाफ म्हणून परत मिळते. आवळ-सोड, आवळ-सोड यात वेगाची सरासरी फारशी पडत नाही. पाण्याच्या नळ्यांच्या छोट्या बॉयलरवर हे इतकं सुखाने जमलं नसतं.

रेवदंडकर

वाचतोय. असे धागे वर्षात एक-दोन येतात. एक शंका : वेग १२.५ होता हे मोजलं कसं असेल? हल्ल्यात कोण लॉग (वेग मोजायला पाण्यात सोडायचं साधन) टाकणार?

आलेख

स्क्रूच्या फेऱ्यांवरून निघतो. उदाहरणापुरते आकडे : स्क्रूची पिच (एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर) १६ फूट आणि मिनिटाला ६० फेरे. १६ गुणिले ६० गुणिले ६० भागिले ६०८० (नॉटिकल मैलाचे फूट) म्हणजे ९.५ नॉट. पाण्यात स्क्रू थोडा घसरतो. ५ टक्के घसरण धरली की ९ नॉट. त्याच स्क्रूने ८ टक्के घसरणीला १२.५ नॉट काढायचे तर ८६ फेरे लागतील. इंजिनरूमच्या काउंटरवर आधीचा आणि नंतरचा आकडा लिहिला की झालं.

आणि बघा, ६० वरून ८६ म्हणजे दीडपटीहूनही कमी फेरे. इंजिनरूमच्या माणसाला पावणेतीन पट शक्ती हा आकडा डोळ्याला दिसत नाही, त्याला ८६ दिसतात आणि आवाज ऐकू येतो. आता मला तो वेग अशक्य वाटत नाही. ९ नॉटला थोडेच बर्नर जळत असतील आणि कंडेन्सरचं व्हॅक्युम पडलेलं असेल तर हाताशी बरंच उरलेलं असणार.

स्टीमट्रॅप

व्हॅक्युमची आठवण बरी केलीत, मी वर विसरलो. ३० इंच बॅरोमीटरला २८ इंच व्हॅक्युम म्हणजे चांगलं. हवा कुठून तरी आत ओढली जात असेल, ग्लँडचं (दांडा बाहेर येतो त्या जागेचं) पॅकिंग सुकलं असेल, नळ्या शेवाळल्या असतील तर ते २५-२६ वर येतं आणि इंजिन फुकट वाफ खातं. चांगला सेकंड इंजिनियर जहाजावर आल्या आल्या आधी हे दुरुस्त करतो. हल्ल्याच्या दिवशी जो वेग मिळाला त्याची काही कमाई आधीच्या आठवड्यांतल्या अशा देखभालीची असते. सेकंड इंजिनियरचं कामच ते.

खारवारा

नंतरचं थोडक्यात. बोनिटा नॉरफोकला, व्हर्जिनियात पोचली. तिथल्या लोकांनी बाईंच्या सन्मानार्थ पैसे गोळा केले आणि त्यातून लंडनच्या लॅम्बेथमध्ये हवाई हल्ल्यांत घर गेलेल्यांसाठी त्यांच्या नावाचं कँटीन निघालं. १९४१ मध्ये एमबीई हा ब्रिटिश सरकारी किताब आणि लॉइड्सचं समुद्रावरील शौर्याचं युद्धपदक, हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. युद्धानंतरही समुद्रावरच. १९६२ मध्ये निवृत्त. २५ डिसेंबर १९७८ ला गेल्या, मेगिंचलाच दफन.

अवांतर : मुंबईत 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज १९२७ मध्ये सुरू झालं, म्हणजे बाई मुलबेरावर चढल्या त्याच वर्षी. तिथे इंजिनियर केडेट १९३५ पासून. भारतात पहिली महिला मरीन इंजिनियर, सोनाली बॅनर्जी, १९९९ मध्ये शिकून बाहेर पडल्या.

नीलाक्षी

१९२२ ते १९९९. सत्त्याहत्तर वर्षं. हा आकडा मी नुसता लिहून ठेवते.

कुतूहल

सगळ्यांचे मनापासून आभार. माझ्यापुरतं उत्तर मिळालं : वेग शक्य होता, त्याची तयारी माणसं वर पाठवण्याआधी झाली होती, आणि तो हात लिलीबँकमध्ये घडला होता.

शेवटचा प्रश्न फिटरदादांना. हल्ला संपल्यावर तो सुटलेला जोड दुरुस्त कसा करतात? चालू जहाजात?

फिटरदादा

चालू वाफेवर नट आवळायला जायचं नाही. ताणलेला बोल्ट पान्याच्या झटक्याने तुटला तर पूर्ण फ्लॅन्ज उघडतो आणि समोरचा माणूस भाजून मरतो. जहाज थांबवायचं, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायचे, त्यांची चाकं बांधून ठेवायची म्हणजे कुणी चुकून उघडणार नाही. ड्रेन उघडून पाईप रिकामा करायचा. मग नट सैल करताना आधी आपल्यापासून लांबच्या बाजूचे. आत वाफ किंवा गरम पाणी राहिलं असेल तर ते पलीकडे उडेल. फ्लॅन्ज थोडा फाकवून खात्री केल्याशिवाय शेवटचे नट काढायचे नाहीत.

दोन्ही तोंडं खरवडून स्वच्छ, त्यावर सरळपट्टी लावून बघायची. जुन्या पॅकिंगचा एक कण राहिला तर नवं तिथूनच फुटतं. नवं पॅकिंग बोल्टच्या भोकांसकट कापायचं, ग्रॅफाइट चोळून बसवायचं म्हणजे पुढच्या वेळी चिकटणार नाही. ताणलेले बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, नवे घालायचे. नट समोरासमोरच्या जोडीने, एका वेळी थोडे थोडे, फट सगळीकडे सारखी राहील असे आवळायचे. एका बाजूने आवळत गेलं की फ्लॅन्ज तिरका बसतो.

त्यानंतर ड्रेन उघडा ठेवूनच वाफेचा व्हॉल्व्ह अगदी किंचित उघडायचा. पाईप थंड असतो, वाफेचं पाणी होतं, ते ड्रेनमधून जाऊ द्यायचं. नाहीतर ते पाणी वाफेच्या जोराने वळणावर आदळतं आणि नवा जोडही जातो. ड्रेनमधून कोरडी वाफ यायला लागली की ड्रेन बंद, मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण. पाईप एकदा गरम होऊन निवला की पॅकिंग थोडं दबतं, म्हणून पहिल्या संधीला वाफ बंद करून सगळे नट पुन्हा एकदा तपासायचे.